चिंध्यांची स्वीडिश सतरंजी, पण योकापोइका शर्टासारख्या पट्ट्यांची: कापड किती, ताणा कोणता?

रेघोटी (गोथेनबर्ग)

इथे बऱ्याच घरांत स्वयंपाकघरात जुन्या कपड्यांच्या चिंध्यांची लांबट सतरंजी अंथरलेली दिसते, तशी एक विणायची आहे. माप ७० × २०० सेंमी. वस्तीतल्या सामायिक विणकामघरात जमिनीवरचा मोठा हातमाग काही आठवड्यांसाठी मिळतो आहे. साधी वीण येते, पण आजवर फक्त टेबलावरचे पातळ सुती रुमाल विणले आहेत.

नक्षी मारिमेक्को या फिनिश कंपनीच्या योकापोइका शर्टावरून घ्यायची आहे. त्यातल्या रेघा हाताने कुंचला फिरवल्यासारख्या असतात आणि दोन रंग एकमेकांवर चढतात तिथे तिसरा रंग दिसतो. हे चिंध्यांत जमेल का?

हाताशी आहे ते असं: दोन पांढऱ्या सुती चादरी (१५० × २५०), तीन सुती साड्या (गडद निळी जरीकाठाची, एक लाल, एक हिरवी), काही टीशर्ट आणि एक जीन्स. एवढ्यात भागेल का? पट्टी किती रुंद कापायची? आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, कोणता दोरा घ्यायचा?

उभाआडवा

आधी हिशोब करू, नक्षीचं नंतर बघू. चिंध्यांच्या कामात पट्टीची रुंदी मोजू नका, वजन मोजा. एक मीटर पट्टी साधारण पावणेचार ग्रॅम भरली पाहिजे. चादरीचं कापड चौरस मीटरला १४०-१५० ग्रॅमचं असतं, म्हणून पट्टी अडीच सेंमीची. सुती साडी त्याच्या निम्म्या वजनाची, म्हणून पट्टी ५ सेंमीची. जीन्स एवढी जाड की पट्टी जेमतेम एक सेंमीची होईल आणि तिचे धागे सुटत राहतील. या सतरंजीत ती नकोच. रुंदी सगळीकडे सारखी ठेवली, तर साडीची पट्टी दाबून पातळ बसते, चादरीची फुगून बसते आणि सतरंजी जमिनीवर सपाट पडत नाही. कापायला लागण्याआधी १० मीटरची एक पट्टी काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ३५ ते ४० ग्रॅम भरली की रुंदी बरोबर आहे.

आता लांबी. २०० सेंमीसाठी मागावर २१५-२२० सेंमी विणावं लागतं, कारण ताण सोडला की सतरंजी आखडते आणि पहिल्या धुण्यात आणखी थोडी. सेंमीला अडीच ओळी धरल्या तर ५४० च्या आसपास ओळी होतात. एका ओळीला ८४-८५ सेंमी पट्टी जाते, म्हणजे एकूण ४५५ मीटर, वजनात १७०० ग्रॅम.

तुमच्या एका चादरीतून अडीच सेंमीच्या ६० पट्ट्या निघतील, म्हणजे १५० मीटर. दोन चादरींचे ३०० मीटर. साडीचे दोन्ही काठ उतरवले की मधला मीटरभर पन्हा उरतो. त्यात ५ सेंमीच्या २० पट्ट्या, प्रत्येक साडेपाच मीटर लांब, म्हणजे ११० मीटर. दोन चादरी आणि दोन साड्यांत भागतं, तिसरी साडी गाठीला ठेवा.

ताण्याला १२/६ नंबरचा सुती दोरा. सतरंजीच्या ताण्याचा म्हणून तिकडच्या विणकामाच्या दुकानात हाच देतात. एका किलोत सुमारे ३३०० मीटर. फणी (जिच्या घरांतून, म्हणजे खाचांतून, उभे धागे ओवतात आणि जिने ओळी ठोकतात ती) १० सेंमीला ३० घरांची, प्रत्येक घरात एक धागा. फणीत रुंदी ७५ सेंमी घ्या, ७० नाही. विणताना ती आत येतेच. म्हणजे २२५ धागे, शिवाय दोन्ही काठांना शेवटच्या दोन-दोन घरांत एकेक धागा जास्तीचा, एकूण २२९. ताण्याची लांबी ३.३ मीटर: विणण्याचे २२०, दोन्ही टोकांच्या दुमडीचे १६, बाकी मागाला बांधण्यात आणि शेवटी वाया जाणारं. एकूण ७५५ मीटर दोरा. २५० ग्रॅमच्या गुंडीत ८२५ मीटर असतो, म्हणजे एक गुंडी पुरते, पण दुमडी त्याच दोऱ्याने विणायची म्हटली तर पुरत नाही. तिथे चादरीचीच एक सेंमीची बारीक पट्टी वापरा.

टीशर्ट बाजूला ठेवा. होजिअरीचं कापड विणताना ताणलं जातं आणि मागावरून उतरल्यावर आखडतं. शेजारची चादरीची पट्टी आखडत नाही, मग मध्ये लाटा उठतात. टीशर्टांची सतरंजी करायची तर सगळी टीशर्टांचीच करावी.

सुताचीगुंडी

कापडाबद्दल थोडी भर. सगळं आधी ६० अंशांवर धुऊन घ्या, कापायच्या आधी. लाल साडी वेगळी धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. फडक्यावर रंग उतरला तर पांढऱ्या चादरीशेजारी ती कधीच विणू नका, मीठ-व्हिनेगरच्या भरवशावर तर मुळीच नाही. कारखान्यात रंगवलेल्या कापडाचा सुटा रंग त्याने बसत नाही.

जरीचा काठ आधी उसवा किंवा कापून काढा. जरीची तार पायाला टोचते, शेजारचं सूत कापते आणि चकचकीत कृत्रिम धाग्याचा काठ ओळीतून सरकत बाहेर येतो. मग साडी लांबीच्या दिशेने फाडा. कात्रीपेक्षा फाडलेली पट्टी सरळ येते, धाग्याच्या रेषेतच फाटते. प्रत्येक पट्टी दोन्ही हातांना गुंडाळून एकदा जोरात झटका द्या. बसण्याच्या जागी येणारा साडीचा भाग विरलेला असतो, तो तिथेच तुटेल. असे तुकडे गोधडीच्या आतल्या थराला उत्तम, सतरंजीत नकोत. चादरीचंही तसंच: मध्यभाग झिजून हलका झालेला असतो, कडा जाड राहतात. मधल्या पट्ट्या पाव सेंमी जास्त रुंद घ्या.

जोड देताना गाठ मारू नका. दोन्ही टोकं ८-१० सेंमी तिरकी कापा आणि ताण्याच्या एकाच फटीत (वर उचललेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांमधल्या जागेत) एकावर एक ठेवून फणीने ठोका द्या. जोड काठाला येऊ देऊ नका, निदान १० सेंमी आत घ्या, नाहीतर काठावर गुठळी दिसते आणि पहिली झीज तिथूनच सुरू होते.

आता शर्टाकडे. मारिमेक्कोच्या डिझायनर वुओक्को नुर्मेस्निएमी यांनी पिक्कोलो हा पट्टा १९५३ साली केला आणि त्याच पट्ट्याचा योकापोइका शर्ट १९५६ साली आला. मारिमेक्कोचा दुसरा प्रसिद्ध पट्टा म्हणजे आनिका रिमालांचा तासाराइता, १९६८ चा, सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या. पहिल्या सतरंजीला पिक्कोलो निवडलात हे फार बरं झालं. सारख्या पट्ट्यांत हाताचा ठोका एखाद्या दिवशी हलका पडला की एक पट्टी जाड दिसते आणि डोळा तिथेच अडकतो. पिक्कोलोच्या रेघा मुळातच कमी-जास्त आहेत, ठोक्यातला फरक त्यात मुरतो.

तिसरा रंग असा काढा. निळी आणि हिरवी अशा दोन पट्ट्या निम्म्या रुंदीच्या घ्या, म्हणजे साडीच्या अडीच-अडीच सेंमी, आणि दोन्ही एकाच फटीत एकत्र घाला. मुद्दाम पीळ देऊ नका, धोट्यावरून (आडवी पट्टी फटीतून नेणाऱ्या लाकडी साधनावरून) सुटताना त्या आपोआप वळतात, कुठे निळं वर येतं कुठे हिरवं, आणि दुरून निळसर-हिरवी रेघ दिसते. एकाआड एक ओळ निळी-हिरवी घातली तर हा परिणाम येत नाही, बारीक ठिपके दिसतात.

मांडणीसाठी एक सोयीचं गणित आहे: साडीची साडेपाच मीटरची एक पट्टी सहा ओळींना पुरते, म्हणजे साधारण अडीच सेंमीचा रंगीत पट्टा, मध्ये एकही जोड नाही. एका गटात सहा ओळी निळ्या, तीन मिश्र, सहा हिरव्या. त्यानंतर पांढऱ्या कधी १८, कधी २६. पांढरं ६० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. एकतर तुमच्याकडे चादरींचे ३०० मीटर आहेत आणि त्यातले २७५ असेच लागतील, उरलेल्या २५ मीटरमधून दुमडीच्या बारीक पट्ट्या निघतील. दुसरं म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात दुपारी साडेतीन-चारला अंधारतं, तेव्हा खोलीत उजेड परतवणारी एवढी मोठी वस्तू दुसरी नसते. लाल घ्यायचाच तर संपूर्ण सतरंजीत दोन-तीन ठिकाणी, दोन-दोन ओळींचा.

शर्टावर रेघा उभ्या, सतरंजीत आडव्या. खोलीत सतरंजी लांबीने जाते, त्यामुळे रेघा पायांना आडव्या येतात आणि अरुंद स्वयंपाकघर रुंद वाटतं. कपडे आणि घर एकाच हाताने सजवण्याची ही रीत तिथे जुनी आहे. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातल्या सुंडबोर्न गावी चित्रकार कार्ल लार्सन यांच्या पत्नी कारिन लार्सन स्वतःसाठी सैल झगे बेतायच्या आणि त्याच घरासाठी उशा-पडदे विणायच्या. कार्ल लार्सन यांनी १८९० च्या दशकात त्या घराची जलरंगांत चित्रं काढली, ती स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांत जमिनीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या बघून घ्या. पट्ट्यांमधली रिकामी जागा किती सैल सोडलेली आहे ते शिकण्यासारखं आहे.

रेघोटी

मनापासून आभार. ताणा चढवला, दुमडी विणली आणि चिंध्यांचे २० सेंमी झाले. पण फणीत ७५ असलेली रुंदी विणलेल्या भागात ६८ वर आली आहे आणि उजव्या काठाचे दोन धागे झिजून केसाळ झालेत. पट्टी सैलच सोडते आहे असं वाटतं. इथून पुढे सांभाळून घेतलं तर चालेल का?

उभाआडवा

नाही, ताई, उसवा. तो भाग नंतर कायम कमरेसारखा आवळलेला दिसेल, आणि काठाचे धागे फणीत तिरके घासून पुढच्या वीतभरात तुटतील.

पट्टीला २२९ धाग्यांच्या वर-खाली जायचं असतं, त्यासाठी तिला सुमारे १० टक्के जास्त लांबी लागते. ती सरळ टाकली तर ती लांबी काठांना आत ओढून मिळवते. म्हणून पट्टी कमानीसारखी टाका. ७५ सेंमी रुंदीत मध्यावर १५ सेंमी उंच कमान केली तर ८ सेंमी जास्तीची पट्टी आत जाते, तेवढीच हवी. ५ सेंमीच्या कमानीत जेमतेम एक सेंमी जाते. तुम्हाला 'सैल' वाटतंय ते बहुधा हेच.

क्रम असा: पट्टी टाका, काठाशी चिमटीत धरून नीट दुमडा, कमान करा, फट उघडी असतानाच फणी एकदा ओढा, पाय बदला, मग बंद फटीवर दोन जोराचे ठोके. काठांना ताणून धरणारी दातेरी लाकडी पट्टी विणकामघरात असेलच. ती फणीच्या रुंदीइतकी लावा आणि दर ३-४ सेंमी विणल्यावर पुढे सरकवा. १० सेंमी मागे राहिली तर तिचा उपयोग नाही. विणलेल्या भागाची रुंदी ७१-७२ राहिली म्हणजे बरोबर. केसाळ झालेले दोन धागे कापून त्याच दोऱ्याचे नवे जोडा, टोक विणलेल्या भागात टाचणीला आठ आकड्यात गुंडाळा आणि सतरंजी उतरल्यावर सुईने आत ओवा.

ताणा अंगठ्याने दाबून बघा. चिंध्यांसाठी तो तुमच्या रुमालांपेक्षा खूप घट्ट लागतो. सैल ताण्यावर ठोका कितीही मारा, ओळी बसत नाहीत आणि अडीचच्या जागी दोनच ओळी पडतात.

चिंधी_ते_चटई

वर टोकांच्या दुमडीचा सल्ला आहे तो पाळाच. चार-चार धाग्यांच्या गाठी आणि झालर दिसायला छान, पण स्वयंपाकघरात झालर पायात येते, फिरत्या व्हॅक्यूमच्या ब्रशात अडकते आणि धुण्यात तिचा गुंता होतो. ८ सेंमी विणलेली दुमडी दोनदा आत घडी घालून जाड सुईने टाचा, मशीनची सुई तिथे मोडते.

सुताचीगुंडी, सतरंजीतल्या लालबद्दल मी सहमत नाही. लाल साडी उशीत जास्त शोभेल. उरलेल्या टवक्यांपेक्षा तिचा अख्खा पन्हा वापरा. कोपनहेगनच्या फॅशनमधली गोळा केलेली झालर आता उशांच्या कडांना आली आहे, २०१५ साली सुरू झालेल्या सेसिली बान्सन या ब्रँडच्या फुगीर झग्यांसारखी. ५० सेंमीच्या उशीसाठी पुढचा तुकडा ५० × ५०, म्हणजे शिवून ४८ होतो आणि उशी टम्म बसते. मागे ५० × ३४ चे दोन तुकडे, एका कडेला तीन सेंमी दुमडून, १२ सेंमी एकमेकांवर चढवून. चेन लावायची गरज नाही. झालरीसाठी १४ सेंमी रुंद आणि ४ मीटर लांब पट्टी, लांबीत दुहेरी घडी घातलेली. कच्च्या कडेला मोठ्या टाक्याच्या दोन शिलाया घालून त्या ओढा. एकाच शिलाईवर चुण्या एका जागी गोळा होतात. पट्टीचे चार सारखे भाग करून खुणा कोपऱ्यांवर नाही, बाजूंच्या मध्यावर जुळवा आणि कोपऱ्यांत चुण्या जास्त सरकवा. कोपरा वळताना बाहेरच्या कडेला जास्त कापड लागतं, तिथे कंजुषी झाली की झालर वाटीसारखी आत वळते. साडी पातळ असते म्हणून पुढच्या तुकड्याला आतून चादरीचा एक थर द्या, नाहीतर शिवणीवर उसवते.

सतरंजी पहिल्यांदा मशीनमध्ये धुवू नका. जमिनीवर पसरून पाइनच्या तेलाचा मऊ साबण आणि ब्रशने, पट्ट्यांच्या दिशेने घासा, दोन्ही बाजूंनी. फिनलंडमध्ये लोक उन्हाळ्यात पाण्याकाठच्या खास धक्क्यांवर सतरंज्या अशाच घासतात. पिळू नका, गुंडाळी करून पाणी दाबून काढा. मग दोरीवर नको, रुंद कठड्यावर किंवा दोन दांड्यांवर आडवी घाला. बारीक दोरीवर ओल्या सतरंजीच्या वजनाने मधोमध घडी पडते आणि ताणा तिथे कायमचा ताणला जातो. अर्धवट वाळल्यावर एकदा हाताने ओढून चौकोनी करा आणि उलटून टाका.

रेघोटी

उसवलं. कमान १५ सेंमीची केली, दातेरी पट्टी लावली, आता रुंदी ७१.५ वर टिकून आहे. निळी-हिरवी मिश्र रेघ तीनऐवजी चार ओळींची केली तर जास्त उठून दिसते आहे, तशीच पुढे नेते. लाल उशीला.