पहिला सर्फबोर्ड: जुना ६ फूट २ इंची घ्यावा का नवा फोमचा?

मचवा
नमस्कार. मी पुण्यात राहतो. गोव्यात आश्वेला सर्फिंगचे चार वर्ग झालेत. फुटून आलेल्या फेसाळ पाण्यावर उभं राहता येतं, पण न फुटलेली लाट अजून पकडता येत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल दर महिन्याला एक फेरी मारायची आहे, म्हणून स्वतःचा बोर्ड घ्यायचा विचार आहे. उंची ५ फूट ८ इंच, वजन ७२ किलो. धाकटी बहीणही शिकते, तिचं वजन ५० किलो. बोर्ड तिलाही चालायला हवा.

एक जुना बोर्ड मिळतोय. तळावर ६ फूट २ इंच, १८ ३/४ (इंच रुंदी), २ ३/८ (इंच जाडी) आणि २८ लिटर असं लिहिलंय. गाडीच्या आत मावतो आणि नव्या फोमच्या बोर्डापेक्षा स्वस्त आहे. घेऊ का?

उधाण
नका घेऊ. लांबीपेक्षा आधी तो २८ लिटरचा आकडा बघा.

समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरतं. २८ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर पाणी त्याला २८.७ किलोच्या जोराने वर ढकलतं. बोर्डाचं स्वतःचं ३ किलो वजन वजा करा, उरले २५-२६. तुम्ही ७२ किलोचे. म्हणजे तुम्ही पालथे झोपलात की बोर्ड पाण्याखाली जाणार आणि हात मारताना छाती पाणी ढकलत राहणार. लाट पकडायला तिच्या वेगाच्या जवळपास पोचावं लागतं, आणि नवशिक्याच्या हातांत अशा बोर्डावर तेवढा वेग येत नाही. लाट खालून निघून जाते.

आता ८ फूट लांब, २२ १/२ इंच रुंद, ३ १/४ इंच जाड असा फोमचा बोर्ड घ्या. तो सुमारे ८६ लिटरचा असतो. वर ढकलणारा जोर ८८ किलो, बोर्डाचं वजन ६ धरा, उरले ८२. तुम्ही झोपलात तरी बोर्ड पाण्यावरच राहतो आणि थोड्या हातांत सरकायला लागतो. तुमची सध्याची अडचण नेमकी हीच आहे, त्यामुळे पैसे इथेच घाला. वजनाच्या किलोंपेक्षा लिटर कमी नकोत. १५-२० टक्के जास्त असलेले उत्तम.

आकारही बघून घ्या. नाक गोल हवं, कडा जाड आणि गोलसर हव्यात, नाकाचा वरचा बाक कमी हवा. फोमच्या आत दोन-तीन लाकडी पट्ट्या म्हणजे स्ट्रिंगर आहेत का ते विचारा. ते नसतील तर बोर्ड मधोमध लवतो आणि लवकरच मोडतो.

सुरूचं बन
उधाण यांचं लिटरचं गणित बरोबर आहे, पण तुमच्या एकट्यासाठी असता तर मी ९ फूट सुचवला असता. नोव्हेंबर ते एप्रिल गोव्यातल्या लाटा बहुतेक दिवस लहान आणि मवाळ असतात, तिथे लांब बोर्ड लवकर चालू लागतो. (जून ते सप्टेंबरचा समुद्र वेगळाच. त्या दिवसांत शिकायला जाऊच नका.)

बहीणही वापरणार असेल तर मात्र ८ फूटच. ५० किलोला ८६ लिटर जास्त असले तरी शिकताना त्याने बिघडत नाही. अडचण रुंदीची. काखेत धरून बोटं खालच्या कडेपर्यंत पोचली पाहिजेत, नाहीतर वाऱ्यात बोर्ड हातातून फिरतो. दुकानात दोघांनीही उचलून बघा. २३ इंचांच्या वर जाऊ नका.

जुना फोमचा बोर्ड मिळत असेल तर एवढं तपासा:
– वरच्या बाजूवर अंगठा दाबत जा, विशेषतः छाती आणि पाय टेकतात तिथे. दाबल्यावर सैल, पोकळ लागलं तर वरचा थर सुटलाय.
– तळाचं गुळगुळीत प्लास्टिक फुग्यासारखं वर आलंय का. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या बोर्डांचं असं होतं. आतली हवा तापून फुगते आणि गोंद सोडतो. हे पुन्हा नीट चिकटत नाही.
– उचलल्यावर आकाराच्या मानाने जड वाटला तर आत पाणी शिरलंय.
– शेपटीकडून एक डोळा मिटून लांबीभर बघा. आडवी घडी किंवा पीळ दिसला तर सोडून द्या.

पुढे कधी कडक बोर्ड घेतलात तर आतला फोम कोणता हे विचारून ठेवा. ईपीएस म्हणजे थर्माकोलच्या जातीच्या फोमच्या बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन लावलं तर फोम विरघळून खड्डा पडतो. त्याला इपॉक्सीच लागतं.

मचवा
दोघांचेही आभार. ८ फुटीच बघतो. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), वॅक्स (घसरू नये म्हणून लावायचं मेण) आणि गाडीच्या टपावर बांधणं याबद्दलही सांगा. फिन (तळाचे पर) बोर्डासोबतच येतात ना?

रेवदंडी
फोमच्या बोर्डाबरोबर बहुतेक वेळा तीन प्लास्टिकचे फिन येतात, ते पुरेत. बरेचदा ते वरून स्क्रूने आवळायचे असतात. स्क्रू हलतोय एवढं संपवण्यापुरतंच आवळा. जास्त आवळला की वॉशर फोममध्ये रुततो आणि त्या भोकातून पाणी आत जातं. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी हात लावून बघा, वाटेतच एखादा फिन गळून पडतो.

लीश बोर्डाइतकी, म्हणजे ८ फुटी, ७ मिलिमीटर जाड. मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. लोकांची चूक होते ती लीश बोर्डाला जोडणाऱ्या शेपटीवरच्या छोट्या दोरीत. ती लांब ठेवली तर पडल्यावर ताण येऊन दोरी शेपटीची कड सुरीसारखी कापते. कडेवर लीशची रुंद कापडी पट्टी येईल इतकी दोरी आखूड ठेवा.

वॅक्स 'ट्रॉपिकल' लिहिलेलंच घ्या, थंड पाण्याचं इथे वितळून चिकट होतं. छाती आणि पाय येतात तिथेच, छोटे गोळे उठेपर्यंत गोल घासायचं. तळाला लावायचं नाही. खरखरीत फोमवर वॅक्सशिवायही चालतं, पण दोघांनीही लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टीशर्ट) घाला, नाहीतर पोट आणि छाती सोलून निघते.

टपावर बोर्ड उलटा ठेवा: तळ वर, शेपटी पुढे. फिन पुढच्या पट्ट्याच्याही पुढे यायला हवेत. वाऱ्याने बोर्ड मागे सरकायला लागला की फिन पट्ट्याला अडतात. पट्टा बोर्ड हलणार नाही इतकाच ओढा. फोममध्ये वळ उठला तर तो जात नाही. खाली जाड स्पंजच्या नळ्या, वरून चंदेरी पिशवी. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा, आणि पोचल्यावर बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन सावलीतच सुकवा.