अनुभव धागा : कलेने तुमच्यात काय बदलले?

माडाखाली
कुडाळजवळच्या आमच्या गावच्या जत्रेची चित्रफीत परवा चुलतभावाने पाठवली आणि तिच्यातील पायपेटीचा सूर कानावर पडताच मला रंगपटाच्या, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या जागेच्या, कनातीची फट आठवली. आम्ही मुलांनी दशावतार, हे आमच्याकडचे जत्रेतले पौराणिक लोकनाट्य, समोरून कमी आणि त्या फटीतूनच अधिक पाहिला. आमच्याकडे भात मळायला येणारे एक काका रात्री स्त्रीपात्र करीत. आरशाचा तुकडा मांडीवर टेकवून ते स्वतःच चेहरा रंगवीत, लुगडे नेसत, आणि एकदा उठून उभे राहिले की त्यांना काका म्हणून हाक मारण्याचे धाडस आम्हाला होत नसे. या नाट्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि कोणाकडे कोणते पात्र एवढेच आधी ठरते, संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचावे लागतात. त्यामुळे नवऱ्याने टाकलेल्या राणीचे ते बोलणे त्यांचे स्वतःचेच असले पाहिजे, हे फार लवकर लक्षात आले होते. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपे आणि दुपारी तेच काका, कानामागे राहिलेल्या रंगासकट, मळणीवर हजर असत. त्यात गावाला काहीच वावगे वाटत नसे. मी पुढे बँकेत लागलो आणि वक्तशीर, अबोल माणूस म्हणून ओळखला जातो. पण कोणी ‘तू असाच आहेस’ असे ठामपणे सांगितले तर माझा त्यावर विश्वास बसत नाही, आणि दुसऱ्याविषयी तसे बोलणे माझ्याने होत नाही. हा स्वभाव आमच्या घरात कोणाचाच नाही. तो त्या फटीतून आला, असे मी मानतो. तुमच्या बाबतीत असे काही घडले असेल तर लिहावे. आवडत्या कलाकृतींची यादी मात्र नको.

हळदुली
कानामागचा रंग वाचून हसू आले. जत्रा झाली की माझा धाकटा भाऊ आठवडाभर घरात दशावतारातला विनोदी राक्षस संकासुर होऊन वावरत असे आणि आईने अभ्यासाचे विचारले की मालवणीत उलटे प्रश्न विचारत असे. आज तो वकील आहे. आख्यानातल्या राजापेक्षा त्याआधीच्या पूर्वरंगातल्या त्या उलट बोलणाऱ्यानेच त्याला घडवले, असे आई अजूनही म्हणते. दादा, तुमच्या जत्रेत खाजे पूर्वीसारखेच मिळते का? कुकर लावून लिहीत आहे, सविस्तर नंतर लिहीन.

लेणीवाट
जळगावकडच्या शाळांची सहल अजिंठ्याला जाते, हे ठरलेलेच असते. उन्हातून पहिल्या लेण्यात शिरल्यावर काही वेळ काहीच दिसत नाही, कारण रंग जपण्यासाठी तेथे प्रकाश मंद ठेवलेला असतो. शाळेच्या सहलीत आम्ही रांगेने त्या अंधारात जाऊन रांगेनेच बाहेर आलो होतो. परिचारिकेचे शिक्षण घेत असताना पुन्हा गेले, तेव्हा पुढे ढकलणारे कोणी नव्हते. डोळे सरावले तसा गाभाऱ्याच्या डाव्या अंगाचा, भिंतीवर रंगवलेला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू दिसू लागला. मस्तकी मुकुट, हाती कमळ, राजपुत्राचे सगळे वैभव, भोवती माणसांची दाटी आणि नजर मात्र खाली झुकलेली. त्या काळात रुग्णांच्या दुःखाने खचून मी शिक्षण सोडण्याच्या विचारात होते. टिकायचे असेल तर मन दगडाचे कर, असा सल्ला सगळे देत होते. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या चेहऱ्यावर दुःखाची जाणीव पूर्ण होती आणि तरीही तो कोसळलेला नव्हता. असेही असता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी शिक्षण सोडले नाही. रुग्णाजवळ गेल्यावर आधी दोन क्षण गप्प उभी राहते, ही सवय तिथलीच आहे.

हडसनकाठ
माझा अनुभव उलट दिशेचा आहे. न्यू जर्सीत आल्यापासून मराठीपण टिकवण्याची जबाबदारी आम्ही जरा जास्तच अंगावर घेतली होती. गणेशोत्सव, लेझीम, मुलांची मराठी शाळा, सगळे काही. 2014 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि मी केवळ आपला माणूस म्हणून अभिमानाने पाहायला गेलो. नागपुरात जन्मलेला, गोमंतकीय घरातला, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा चित्रकार आपले काहीतरी दाखवील, अशी अपेक्षा होती. समोर रंगांचे एकावर एक चढवलेले आणि पुन्हा खरवडलेले थर होते. देऊळ नाही, माणूस नाही, ओळखीची एकही खूण नाही. आधी चक्क राग आला. मग बराच वेळ एका पिवळ्या चित्रासमोर बसून राहिलो आणि लक्षात आले की या माणसाने आपण कुठले आहोत हे कोणालाही सिद्ध करून दाखवलेले नाही, आणि त्याचे काही अडलेलेही नाही. लेझीम मी अजून खेळतो, पण आता ती आवडते म्हणून खेळतो.

स्पष्टवक्ता
सर्वांचे अनुभव आदराने वाचले, तरी एक शंका मांडतो. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या कीर्तने झाली, समतेचे अभंग ऐकून माणसे रडली, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठा वेगळा तो वेगळाच राहिला. कला माणसाला घडवत असेल, तर त्या माणसांना तिने का घडवले नाही? मला वाटते, आपल्यात जे आधीपासून असते त्यालाच आपण नंतर कलेचे नाव देतो.

जातं
स्पष्टवक्ता, तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला आमचे घर होते. ज्यांना काही सोडावे लागणार होते, ते ऐकून रडले आणि घरी गेले. ज्यांना काही मिळवायचे होते, त्यांचे तसे झाले नाही. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा परिचित घाट घेऊन त्यात शिक्षणाचे आणि स्वाभिमानाचे प्रश्न आणले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे गावोगाव होत. माझ्या आजीने लहानपणी असाच एक जलसा ऐकला आणि ती त्यातली गाणी जात्यावर ओवीच्या चालीत बसवून म्हणू लागली. तिला अक्षरओळख नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या आहेत. त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला आजीचाच आवाज ऐकत असल्यासारखे वाटले. ओवीत गाणारी स्वतःचा उल्लेख करते, माझ्या दारी, माझ्या बाळाला, असे म्हणते. ज्या बाईला गावात नावानेही कोणी हाक मारीत नव्हते, ती रोज पहाटे ‘मी’ म्हणत होती. पुढे आजीने माझ्या आत्याला शाळेत घातले आणि आजोबांचा विरोध असतानाही काढले नाही. हे तिच्यात आधीपासून होते की गाण्याने आले, हे मी वेगळे करून सांगू शकत नाही.

स्पष्टवक्ता
कोणाला काय सोडावे लागते, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. विचार करतो.

धानपट्टी
गडचिरोलीतल्या वडशाकडचा असल्यामुळे झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचे, नाव घेतल्यावाचून राहवत नाही. धान निघाले, मंडई म्हणजे गावची जत्रा भरली की आमच्याकडे रात्रभर नाटके चालतात आणि पाहुण्यांनी घर भरून जाते. मी बोलताना अडखळत असे; नाटकातली लांबलचक स्वगते ऐकून शेतात एकट्याने म्हणत असे, आणि तेव्हा एकही शब्द अडत नसे. अडखळणे अजून पूर्ण गेलेले नाही, पण बोलण्याची भीती गेली. एवढेच.

माडाखाली
धानपट्टी, हे वाचून काकांची आणखी एक गोष्ट आठवली. एरवी ते अगदी मोजके बोलत, दोन वाक्यांच्या पुढे जात नसत. राणी झाल्यावर मात्र थांबत नसत.

हळदुली
कुकर झाला, जेवणेही झाली. लेणीवाट ताई, मुलांना दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला न्यावे म्हणते. नऊ आणि बारा वर्षांची आहेत; कंटाळतील का?

लेणीवाट
सगळी लेणी दाखवण्याचा हट्ट धरला तर नक्कीच कंटाळतील. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. पहिल्या लेण्यात डोळे सरावेपर्यंत काही न सांगता त्यांना थांबू द्या, आणि सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध दाखवा. त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत मुले स्वतःहून चालत जातात. काय दिसले, हे लगेच विचारू नका.