मदत हवी आहे: सासऱ्यांची नाडी, शुगर आणि रात्रीची चक्कर

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याला राहतो. सासरे ७२ वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅटॅक येऊन गेला. तेव्हापासून मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) सुरू आहे, बीपीसाठी रात्री प्राझोसिन. इन्सुलिन आधीपासूनच.

घरी सोडताना सिस्टरनी बजावलं होतं: मेटोप्रोलॉलच्या गोळीआधी पूर्ण मिनिटभर नाडी मोजा, ६० च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन. मात्र मनाने बंद करायची नाही, एकदम थांबवली तर छातीतलं दुखणं उलटतं. परवा नाडी ५४ भरली आणि फोन काही लागेना. तो तास कसा काढला, माझं मला माहीत.

खरी धास्ती शुगरची. शुगर उतरली की होणारी धडधड, हातांची थरथर ही गोळी झाकून टाकते. घाम तेवढा येतो. आता ठाण्याच्या या उकाड्यात कुठला घाम कशाचा, ओळखायचं कसं? मी घाम दिसला की ग्लुकोमीटर काढते आणि बाबा वैतागतात.

त्यात प्राझोसिनने उभं राहताना बीपी उतरतं, म्हणून रात्री लघवीला उठताना चक्कर येते. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा म्हटलं तर ऐकतील ते बाबा कसले!

कळवा-ठाण्यात रात्रीपुरती येणारी प्रशिक्षित नर्स कुणाच्या माहितीत आहे का? नुसती सोबत नको, नाडी-बीपी नीट मोजता यायला हवं. आणि घरी हे सांभाळलेल्यांनी नोंदी कशा ठेवल्या तेही सांगा. डोसचं डॉक्टर बघतील, त्यावर सल्ले नकोत प्लीज.