डांग थाई सोन यांच्यासारखे शिक्षण सांगलीत राहून शक्य आहे का?

प्रश्न (सांगलीतील पालक): व्हिएतनामचे पियानोवादक डांग थाई सोन युद्धकाळात खेड्यात राहून खराब पियानोवर शिकले आणि १९८० मध्ये पोलंडमधील वॉर्सा येथील शोपँ स्पर्धा (पोलिश संगीतकार शोपँ यांच्या नावाची पियानो स्पर्धा) जिंकणारे पहिले आशियाई वादक ठरले, हे वाचल्यापासून माझ्या मुलीने पियानोचा ध्यास घेतला आहे. ती लहानपणापासून पेटी वाजवते, अलीकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्डही वाजवते. घरी पियानो नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मिरज): ही कथा अर्धीच सांगितली जाते. अमेरिकी बॉम्बफेकीमुळे हनोईचे संगीत विद्यालय खेड्यात हलवावे लागले, हे खरेच. पण त्या विद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या थाई थी लिएन या सोन यांच्या आई होत्या आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण प्राग येथे झाले होते. म्हणजे पियानो वाईट असला, तरी गुरू घरातच होता. पुढे १९७४ मध्ये हनोईला आलेल्या आयझॅक कॅट्झ या रशियन पियानोवादकाने सोन यांचे गुण हेरले आणि ते मॉस्को कॉन्झर्वेटरीत (तिथल्या संगीत महाविद्यालयात) गेले, जिथे त्यांना व्लादिमीर नातान्सन यांच्यासारखे शिक्षक लाभले. आमच्या मिरजेत तंबोरे घडतात म्हणून घरोघरी गवई निपजत नाहीत, त्यामुळे वाद्याआधी शिक्षक शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ (सातारा): मत पटते, तरीही वाद्याचा प्रश्न इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे त्या हाताची बोटे पट्ट्यांवर जवळजवळ तयारच झालेली नसतात. शिवाय साध्या कीबोर्डची पट्टी हलकी असते; पियानोत मात्र प्रत्येक पट्टीमागे तारेवर आदळणारा हातोडा असल्याने बोटाच्या जोराप्रमाणे नाद बदलतो आणि शोपँच्या संगीताचा सारा जीव त्या फरकातच असतो. ८८ पट्ट्यांचा, पट्ट्यांना वजन असलेला डिजिटल पियानो घ्यावा, डाव्या हाताचा सराव रोज वेगळा करून घ्यावा आणि पुण्या-मुंबईतील एखाद्या शिक्षकाला अधूनमधून प्रत्यक्ष ऐकवावे, कारण मनगट ताठ राहते की सैल, हे ऑनलाइन तासात नीट दिसत नाही.

उत्तर ३ (मिरज, पुन्हा): डाव्या हाताचा मुद्दा मान्य. कारकिर्दीबद्दल एवढेच सुचवतो की, केवळ मैफलींवर नजर ठेवू नये. सोन १९९१ पासून कॅनडातील माँट्रियलमध्ये आहेत, जगभर वाजवतात, पण शिकवण्यालाही तितकेच महत्त्व देतात; २०२१ ची शोपँ स्पर्धा जिंकणारे ब्रूस लिऊ त्यांचेच शिष्य आहेत.