सायकलच्या चेनच्या दोन कड्या काढायच्यात, पिन हलेना

मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) बदललं, नव्याला दात कमी, आता चेन लोंबते. चाक पार मागे ओढलं तरी तेच. दोन कड्या कमी कराव्यात म्हणून खिळा-हातोडी घेऊन बसलो. तासभर ठोकाठोकी. खिळा वाकला, अंगठा सुजला, पिन ढिम्म. चेन टूल (पिन ढकलून काढायचं अवजार) नाही. काय करू?

काळेहात: खिळा मऊ असतो, वाकणारच. पंच (कडक पोलादी टोचा) घ्या. पिनेच्या बरोबर खाली भोक येईल असा जाड नट ठेवा, पिनेला उतरायला जागा हवी ना! आणि पिन पूर्ण बाहेर पाडू नका, पलीकडच्या पट्टीत अडकलेली राहू द्या. मी एकदा पाडली. परत बसवताना नाकी नऊ आले.

जुनीसायकल: थांबा. गिअर नसलेली सायकल ना? मग क्लिपवाली जोडकडी (क्लिप काढून उघडता येणारी कडी) असेल, चेन पुसून शोधा. ती उघडली की दोन्ही टोकांना आतल्या (बाहेरच्या कडीच्या पट्ट्यांमध्ये बसणाऱ्या, अरुंद) कड्या येतात. तिथून एक आतली, एक बाहेरची मोजा (दोन मिळून 1 इंच) आणि पुढची एकच पिन ठोका. ही खुशाल पूर्ण पाडा, तो तुकडा जाणारच आहे.

प्रश्नकर्ता: सापडली हो! काळ्या ग्रीसच्या थराखाली लपली होती. पंच-नटने चौथ्या घावाला पिन खाली. क्लिपचं तोंड कुठे ठेवू?

जुनीसायकल: बंद बाजू चेन धावते त्या दिशेला.