ढोल पथकासाठी जुनी व्हॅन: ६.० शेव्ही की व्ही-टेन फोर्ड?

एडिसनचा_ढोल्या: नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला आमचं ढोल-ताशा पथक आहे. पंचवीस ढोल, ताशे, ध्वज. दर सीझनला भाड्याचा ट्रक परवडेना. बजेट १२,००० डॉलर. नजरेत दोन कार्गो व्हॅन, दोन्ही २०१२ च्या: शेव्ही म्हणजे शेव्हरोले एक्स्प्रेस ३५०० (६.० लिटर व्ही-८, आठ सिलिंडर) आणि फोर्ड ई-३५० (६.८ लिटर व्ही-१०, दहा सिलिंडर). बॉस्टन, डीसी धरून वर्षाला चार हजार मैल. गॅस, म्हणजे पेट्रोल, कोण किती पितं? ईपीएचा (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा) मायलेजचा आकडा सापडत नाही.

मिशिगनकर: सापडणार कसा? भारासकट ८,५०० पौंडांच्या वरच्या कार्गो व्हॅनला मायलेजचं लेबल लागतच नाही. माझी ६.० शेव्ही हायवेला गॅलनला १४ मैल देते, गावात ११. ताशी पासष्ट मैलांच्या वर नेली की १२. तोंड भिंतीसारखं सपाट, वारा कापणार कशी?

भटकभवानी: फोर्डची ट्रान्झिट व्हॅन घ्या, साडेतीन लिटर इकोबूस्ट (टर्बो) इंजिन, उंच छपराची. आम्ही २०२१ ची घेतली, १६ देते. आत उभं राहता येतं.

एडिसनचा_ढोल्या: ताई, बजेट बारा आहे.

भटकभवानी: थोडं वाढवा ना. रीसेल बघा.

ह्यूस्टनचा_हणम्या: व्ही-टेन. रिकामी १०, भरलेली १०, मागे ट्रेलर लावला तरी ९. मायलेजची एवढी हौस असेल तर प्रियस घ्यावी.

आप्पा_कोथरूड: दहा मैल म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर! आमचा टेम्पो ट्रॅव्हलर डिझेलवर याच्या दुप्पट देतो, एसी लावून.

ह्यूस्टनचा_हणम्या: पाठवा मग एडिसनला.

आप्पा_कोथरूड: पाठवला असता, स्टिअरिंग उजवीकडे आहे.

मिशिगनकर: हणम्या, ते १० डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचे की पंपावर मोजलेले? डॅश नेहमी गोड बोलतो. टाकी फुल करून मैल भागिले गॅलन केल्याशिवाय मी कुणाचा आकडा मानत नाही.

ह्यूस्टनचा_हणम्या: डॅश नाही, वही आहे माझी.

गिअर_गणित: चार हजार मैलांना फोर्डच्या १० ने ४०० गॅलन, शेव्हीच्या १३ ने ३०८. फरक ९२ गॅलन. सव्वातीनचा भाव धरा, वर्षाला ३०० डॉलर. एवढ्यावर गाडी ठरवू नका. आधी खाली वाकून गंज बघा, तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात. मग एक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो): ३.७३ बरा, ४.१० असेल तर हायवेला इंजिन उगाच जास्त फिरतं. फोर्डचा एक्सल कोड ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर असतो. शेव्हीला सहा गिअर, व्ही-टेनला पाच, तेही हायवेला जाणवतं. आणि ढोल म्हणजे हवाच की, वजन कुठे आहे? व्ही-टेन कशाला?

कॅलिफोर्नियाची_काकू: शेव्हीच्या टाकीचं झाकण पिवळं असेल तर ती ई-८५ वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावरही, चालते. स्वस्त दिसतं म्हणून भरू नका. इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, मायलेज पाव भागाने पडतं. आमच्या ह्यांनी वर्षभर "बचत" केली.

नवा_सभासद: वरचं सगळं वाचलं नाही, पण ट्रान्झिट इकोबूस्ट बघितलीत का?

ताशेवाला_डॅलस: पंचवीस ढोल मावतात? आमचे सतरातच दार लागेना.

एडिसनचा_ढोल्या: लांब बॉडीची आहे. आडवे, एकावर एक, मध्ये जुन्या गोधड्या.

ताशेवाला_डॅलस: पानं फाटतील. उभे ठेवा.

गिअर_गणित: व्हॅनबद्दल बोलूया का?

एडिसनचा_ढोल्या: घेतली. व्ही-टेन. शेव्हीच्या मागच्या दाराखाली बोट फिरवलं तर पत्र्याचा पापुद्राच हातात आला. फोर्ड पियानो हलवणाऱ्या एका माणसाची, खालून कोरडी, एक्सल ३.७३, ९,४०० मध्ये सुटली. आत पट्टे बांधायच्या कड्या आधीच ठोकलेल्या. एडिसनला येताना टाकी भरून मोजलं: साडेदहा.

ह्यूस्टनचा_हणम्या: शाब्बास!

मिशिगनकर: दुसरी शेव्ही शोधायची होती.

आप्पा_कोथरूड: डिझेल घ्यायला हवं होतं.

भटकभवानी: विमा कोणाच्या नावावर काढलात? आमच्या मंडळात त्यावरूनच कमिटी फुटली.