मोरबेच्या डोंगरावर चराईबंदी कशासाठी?

घणसोलीकर: काल इथे एकाने लिहिलं, "मोरबे धरणाच्या वरच्या डोंगरांवर सरसकट चराईबंदी करा, गुरांचं शेण आपल्या नळाला येतंय." रात्रभर डोकं तापलं. मोरबेचं पाणी नवी मुंबईत येतं ते भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊनच. माझा मामा मुरबाडकडे आयुष्यभर गुरं राखत आला. गवत चरलं नाही की दिवाळीनंतर वाळतं, वणवा लागतो आणि उघड्या उताराची माती पहिल्या पावसात ओढ्यात! गुरांनी पाणी नासतं, तर मामाच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या झरा प्यायलाच नसता.

सानपाडा_४: ते मीच लिहिलं. पिढ्या प्यायल्या, आणि दर पावसाळ्यात जुलाबाने पोरं दगावली, ती कोणी मोजली? पहिल्या जोरदार सरीत शेणातले ई-कोलाय जिवाणू ओढ्यात उतरतात. वासरांच्या शेणातला क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, केंद्राच्या गाळणीतच अडकतो. वाडीवर गाळणी कुठाय? शिवाय खुरांनी काठ ढासळतो, पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात क्लोरीनही कमी पडतं.

येऊरची_पोर: शेण बरं दिसतं सगळ्यांना! आमच्या ठाण्याच्या येऊर डोंगरातल्या फार्महाऊसच्या शौचटाक्या कुठे रिकाम्या होतात? गेल्या मे महिन्यात आमच्या घरामागच्या ओढ्याला पांढरा फेस आला. शेणाला असा फेस येतो? दोनदा तक्रार दिली, कोणी फिरकलं नाही.

सानपाडा_४: विषय मोरबेचा आहे, येऊरचा नाही.

येऊरची_पोर: उतार तोच, पाणी तसंच. शनिवारी गाड्यांची रांग लागते, रात्रभर पार्ट्या, सकाळी ओढ्यात बाटल्या. गुराख्याला हाकलणं सोपं, त्याच्याकडे वकील नाही.

घणसोलीकर: अगदी हेच म्हणायचं होतं मला!

कळव्याचे_काका: पशुवैद्यक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, म्हणून बोलतो. गुरं ओढ्यात उतरतात ती तहानेने आणि उन्हाने. काठापासून लांब, सावलीत गुरांना पाणी प्यायची डोण बांधा, काठाला गवताचा पट्टा राखा. नगरकडच्या हिवरेबाजार गावात चराईबंदी टिकली कारण गवत कापून न्यायची मुभा होती.

घणसोलीकर: काका, तिथे पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. आमच्या निसरड्या उतारावर सत्तरीचा मामा विळा घेऊन चढणार? पण डोणीचं पटतं. मामाच्या म्हशी दुपारभर डोहात डुंबतात आणि खालच्या वाडीच्या बायका तिथूनच हंडे भरतात. हे मला नाकारता येत नाही.

सानपाडा_४: बरं, 'सरसकट' शब्द मागे घेतो. जून-जुलैत ओढ्याकाठी गुरं नकोत, यावरून मात्र हटणार नाही.

येऊरची_पोर: आणि शौचटाक्या? त्यांच्यावर अजून एकाने ओळ लिहिलेली नाही.